केस चालू असलेल्या खेळाडूला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं का?

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून): पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एक ताई, वय ३८, नोकरी पतसंस्थेत, आणि गावातल्या क्रीडा मंडळाच्या खजिनदार. कमिटीत बाई म्हणून एकट्याच. मंडळ दरवर्षी प्रकाशझोतातले कबड्डी सामने भरवतं. यंदा बक्षीस समारंभाला जिल्ह्यातलाच, व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला एक नावाजलेला खेळाडू प्रमुख पाहुणा ठरलाय. त्याच्यावर त्याच्या आधीच्या बायकोने मारहाण आणि धमकावल्याची फिर्याद दिलीय, चार्जशीट दाखल आहे, तो जामिनावर बाहेर आहे. आणि फिर्यादी बाईचा धाकटा भाऊ याच मंडळाच्या ज्युनियर टीममध्ये चढाईला जातो. ताईंनी मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर आलं, "वहिनी, कोर्ट बघंल की, आपण कोण ठरवणार." त्या विचारतात, मोठे खेळाडू शेवटी सुटतातच, मग मी एकटीने बोलून काय होणार आहे? आणि उद्या तो निर्दोष निघाला तर मी त्याच्यावर अन्याय केल्यासारखं होईल का?

ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत गंमत आहे बघा. एकात तुम्ही धरून चाललाय की तो दोषी आहे आणि तरी सुटणार, दुसऱ्यात तुम्हाला भीती वाटतेय की तो निर्दोष असेल. म्हणजे दोन्हीकडून तुम्ही स्वतःला जजच्या खुर्चीत बसवलंय, आणि तुमच्या कमिटीने पण तेच केलंय, फक्त ते म्हणतायत आम्ही त्या खुर्चीत बसत नाही म्हणून आमचं काही कामच नाही. मला वाटतं त्या खुर्चीत कुणालाच बसायची गरज नाहीये. तुमच्यापुढचा प्रश्न त्याने मारलं की नाही हा नाहीच. मंडळाच्या स्टेजवर मधल्या खुर्चीत कोण बसणार, एवढाच आहे.

पण आधी "मोठे खेळाडू सुटतातच" हे घेऊ, कारण हे वाक्य चहाच्या टपरीपासून घरातल्या टीव्हीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे.

नवज्योतसिंग सिद्धूचं घ्या. २७ डिसेंबर १९८८, पतियाळा, रस्त्यात गाडीवरून वाद झाला, मारहाण झाली आणि गुरनाम सिंग नावाचे ६५ वर्षांचे गृहस्थ गेले. सिद्धू तेव्हा भारताचा ओपनर. १९९९ मध्ये खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, २००६ मध्ये हायकोर्टाने दोषी धरून तीन वर्षं दिली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कमी करून फक्त इजा पोचवल्याचा गुन्हा धरला आणि दंड किती, तर हजार रुपये. मग त्या कुटुंबाने पुन्हा दाद मागितली आणि १९ मे २०२२ ला एक वर्षाची सजा झाली, तेव्हा कुठे तो जेलमध्ये गेला. घटनेपासून मोजलं तर तेहेतीस वर्षं उलटून गेली होती. या काळात तो काय काय झाला, वर्ल्डकप खेळला, कॉमेंटेटर झाला, टीव्हीवर हसणारा माणूस झाला, खासदार झाला, मंत्री झाला. १९९६ च्या वर्ल्डकपमध्ये बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध त्याने ९३ मारले ती मॅच माझ्या पिढीच्या लोकांना बॉल टू बॉल पाठ आहे, आणि हा खटला तेव्हा संपलेला नव्हता, पण त्या रात्री फटाके फोडणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात गुरनाम सिंग हे नाव असेल असं मला वाटत नाही.

आता याला तुम्ही सुटला म्हणाल की अडकला म्हणाल? शेवटी सजा झाली, आणि सुप्रीम कोर्टाने सजा देताना हेही म्हटलं की बॉक्सर, पैलवान किंवा क्रिकेटरसारख्या दणकट माणसाचा नुसता हातसुद्धा हत्यार ठरू शकतो. म्हणजे त्याचं खेळाडू असणं शेवटी त्याच्याच अंगावर आलं. पण मधली तीस-बत्तीस वर्षं त्याला जे मिळत राहिलं, ते कुठल्या कोर्टाने दिलं नव्हतं, ते लोकांनी दिलं, चॅनलवाल्यांनी दिलं, पक्षांनी तिकीट देऊन दिलं.

दुसरं उदाहरण पैलवान सुशील कुमारचं. ऑलिम्पिकची दोन मेडल, २००८ ला ब्राँझ, २०१२ ला सिल्व्हर. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सागर धनखड या तरुण पैलवानाला झालेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला आणि त्या खुनाच्या केसमध्ये सुशील आरोपी आहे. खरं-खोटं खटल्यात ठरेल. पण खास वागणूक मिळाली का, हे बघायचं असेल तर ही केस बारकाईने बघण्यासारखी आहे. पोलिसांनी त्याच्यावर लाखाचं बक्षीस लावलं, तो सापडला, रेल्वेने त्याला नोकरीतून सस्पेंड केलं. जेलमध्ये त्याने प्रोटीन वगैरे खास खुराक मागितला, कोर्टाने सांगितलं की ही तुमची इच्छा आहे, गरज नाही, मिळणार नाही. इथपर्यंत सगळं कुठल्याही आरोपीसारखंच. आणि मग जून २०२१ मध्ये त्याला एका जेलमधून दुसऱ्या जेलमध्ये नेत होते, तर नेणारे पोलीसच त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढताना दिसले, तो हसतोय, ते हसतायत. चौकशी लागली नंतर, पण तो फोटो सगळ्या देशाने बघितला.

मी त्या फोटोवर जरा थांबते, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. त्या पोलिसांना कुणी पैसे दिले असतील असं मला वाटत नाही, वरून फोनही आला नसेल. त्यांना फक्त वाटलं की अरे, सुशील पैलवान, परत कधी भेटणार! बस्स. एवढ्याच साध्या मोहातून ते झालं. आता सागरच्या घरच्यांनी तो फोटो बघितला असेल तेव्हा त्यांना काय कळलं असेल, तर हेच की ज्यांच्या भरवशावर आपण केस लढतोय ते कुणाच्या बाजूला उभे आहेत. आणि साक्षीदारांनी बघितला असेल तेव्हा? मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सुशीलला जामीन दिला, आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. त्यात हा मुद्दा होताच की एवढा नामांकित पैलवान आहे, त्याचा समाजावर प्रभाव आहे, तर साक्षीदारांवर दबाव येणार नाही असं म्हणता येत नाही. बघा, देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट म्हणतंय की नाव हाच एक दबाव असतो, त्यासाठी आरोपीने धमकी द्यायचीही गरज पडत नाही.

म्हणून मी म्हणते की खास वागणूक निकालाच्या दिवशी क्वचितच दिसते, ती निकालाच्या आधी, रोज थोडी थोडी मिळत असते. चांगला वकील परवडतो, तारखा परवडतात, हे पैशाचं झालं, ते बिल्डरलाही परवडतं. खेळाडूला वेगळं काय मिळतं, तर टाळ्या. आणि टाळ्या वाटायचं काम तुमच्या-आमच्याकडे आहे, तुमच्या मंडळाकडे आहे.

आता कमिटीचं ते "कोर्ट बघंल की". ऐकायला एकदम न्याय्य वाटतं, पण त्यांना एक विचारून बघा. तुमच्या गावातला तलाठी किंवा झेडपीचा शिक्षक गुन्ह्यात अडकला आणि अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर नियमानेच तो निलंबित धरला जातो, हे कमिटीतल्या निम्म्या लोकांना माहीत असेल, त्यांच्यातच कुणीतरी सरकारी नोकरीत असणार. तिथे कोण म्हणतं की आधी कोर्टाला ठरवू दे? निलंबन ही शिक्षा मानली जात नाही, दोषी ठरवणं तर नाहीच, निर्दोष सुटला की माणूस परत कामावर येण्याचा रस्ता असतो. निर्दोष मानायचं हे तत्त्व कशासाठी आहे, तर सरकारने कुणाला पुराव्याशिवाय जेलमध्ये टाकू नये, त्याचं घर-दार-स्वातंत्र्य काढून घेऊ नये यासाठी. त्या तत्त्वात कुठेही लिहिलेलं नाही की आरोपीला शाल, श्रीफळ आणि फेटा मिळालाच पाहिजे.

साधी कसोटी अशी लावा. हीच फिर्याद, हेच चार्जशीट, पण माणूस लीग न खेळलेला, तुमच्याच गल्लीतला कुणी पोरगा असता, तर त्याला मधल्या खुर्चीत बसवलं असतं का? नसतं. मग जो फरक उरला तो सगळा त्याच्या नावाचा आहे.

तरी दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, कारण तुमच्या मनातली ती दुसरी भीती खोटी नाही. श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका, नोव्हेंबर २०२२, टी-२० वर्ल्डकप चालू असताना सिडनीत त्याला लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली. बोर्डाने लगेच सगळ्या क्रिकेटमधून सस्पेंड केलं, टीम घरी गेली आणि हा जवळजवळ अकरा महिने ऑस्ट्रेलियातच अडकून. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं, मग बोर्डाने बंदी उठवली. त्या अकरा महिन्यांत जगभर त्याचा फोटो आणि आरोप एकत्रच छापून येत होते, साध्या माणसाच्या वाट्याला असं येत नाही. नेपाळच्या संदीप लामिछानेचं तर अजून गुंतागुंतीचं. बलात्काराचा आरोप, जामीन, जामिनावर असतानाच नेपाळ बोर्डाने परत टीममध्ये घेतलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये नामिबिया आणि स्कॉटलंडच्या खेळाडूंनी मॅचनंतर त्याच्याशी हात मिळवला नाही, मग जानेवारी २०२४ मध्ये आठ वर्षांची सजा, आणि मे महिन्यात वरच्या कोर्टातून निर्दोष मुक्तता. आता मला विचाराल की कुणाचं चुकलं, तर मी म्हणेन की हात न मिळवणाऱ्यांनी कुणाला फासावर दिलं नव्हतं आणि गुणतिलकाच्या बोर्डाने पण दोषी ठरवलं नव्हतं, थांबवलं होतं आणि निकाल आल्यावर परत दार उघडलं. मला खटकतं ते नेपाळ बोर्डाचं, केस उभी असताना टीमला गरज आहे म्हणून घाई करणं. सगळे माझ्याशी सहमत होणार नाहीत, चालेल.

तर तुम्ही त्याला स्टेजवर बसवलं नाही आणि तो उद्या निर्दोष सुटला, तर त्याचं नुकसान किती? एका संध्याकाळचा मान आणि जे काही पाकीट तुम्ही देणार होता ते. पुढच्या वर्षी बोलवा, डबल हार घाला. आणि उलट झालं तर? त्या पोराचा विचार करा. समजा त्यालाच उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस मिळालं. माईकवरून त्याचं नाव पुकारलं जाईल, हलगी वाजेल, तो घामाने भिजलेल्या जर्सीत स्टेजच्या पायऱ्या चढेल आणि समोर ट्रॉफी धरून उभा असेल तो माणूस ज्याच्याविरुद्ध त्याच्या बहिणीने पोलीस स्टेशनची पायरी चढलीय. फोटोग्राफर म्हणणार "इकडं बघा, हसा जरा", पाहुणा सवयीने खांद्यावर हात टाकणार. सकाळी तो फोटो अख्ख्या गावाच्या स्टेटसला. पोराने ट्रॉफी घेतली तर घरी काय तोंड दाखवणार, आणि नाही घेतली तर "लई माज आलाय" म्हणून त्यालाच बोलणार. कमिटीतल्या एकाही माणसाने हा सीन डोक्यात चालवून बघितलेला नाही, नाहीतर ते एवढ्या सहज "वहिनी" म्हणून मोकळे झाले नसते.

आणि इथेच तुमच्या हातात एक असा मुद्दा आहे जो कमिटीला नैतिकतेपेक्षा लवकर पटेल. चार्जशीटसोबत साक्षीदारांची यादी असते. घरगुती मारहाणीच्या केसमध्ये आई-वडील, भाऊ-बहीण यांची नावं त्यात असणं अगदी कॉमन आहे. जामीन देताना कोर्ट बहुतेक वेळा अट घालतं की फिर्यादीशी, साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही, दबाव आणायचा नाही. आता तो भाऊ किंवा प्रेक्षकांत बसलेले त्याचे वडील त्या यादीत असतील आणि तुम्ही दोघांना एका स्टेजवर, माईकसमोर आणलंत, तर उद्या सरकारी वकील तो फोटो कोर्टात ठेवून जामीन रद्द करा म्हणू शकतो. म्हणजे मंडळ त्या खेळाडूचंच वाटोळं करतंय. अध्यक्षांना एवढंच सांगा की त्याला फोन करा आणि त्याच्या वकिलाला विचारून घे म्हणावं. माझा अंदाज आहे की वकील दुसऱ्याच मिनिटाला सांगेल की त्या दिवशी तुला ताप आलाय.

मीटिंगमध्ये परत विषय काढण्याआधी माहिती पक्की करा. ई-कोर्ट्सच्या साईटवर किंवा ॲपवर जिल्हा, कोर्ट आणि पक्षकाराचं नाव टाकून केस कुठल्या स्टेजला आहे ते दिसतं. एफआयआर पण पोलिसांच्या साईटवर मिळू शकते, संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर ऑनलाइन टाकायच्या असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. "ऐकलंय" वर जाऊ नका, कारण एक तारीख चुकली की सगळे तीच धरून बसतील. फिर्यादी बाई तुमच्या ओळखीची किंवा नात्यातली आहे का हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, असेल तर ते स्वतःहून आधी सांगून टाका, नंतर कुणीतरी बाहेर काढण्यापेक्षा बरं.

अध्यक्षांना मीटिंगआधी एकटं गाठा. चारचौघांत पुरुषांना माघार घ्यायला जड जातं, विशेषतः समोर बाई असली की, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि या एका माणसाबद्दल बोलूच नका, नियमाबद्दल बोला: ज्याच्यावर गंभीर गुन्ह्यात चार्जशीट आहे त्याला निकाल लागेपर्यंत मंडळाच्या स्टेजवर मानाची जागा नाही, मग तो खेळाडू असो, नगरसेवक असो की देणगीदार. इथे कुणीतरी हसेल की मग पुढारी कुठून आणायचे, हसू द्या. पर्यायी नाव खिशात घेऊनच जा. तुमच्या तालुक्यात राज्य खेळलेला कुणीतरी म्हातारा कबड्डीपटू असणारच, किंवा एखादी पोरगी असेल जी आत्ता राज्याच्या टीममध्ये आहे आणि जिला गावाने अजून एक नारळसुद्धा दिलेला नाही.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्द लिहू नका. लिहायची वेळ आलीच तर "केस चालू आहे" एवढंच, त्याला गुन्हेगार ठरवून लिहिलंत तर बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल. फिर्यादी बाईचं नाव तर कुठेच नको. (ज्यांच्याकडे लैंगिक गुन्ह्याची केस असेल त्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, तिथे पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.)

त्या पोराशी थेट बोलायला जाऊ नका, त्याच्या आईला भेटा. तिला काय हवंय ते विचारा. कदाचित ती म्हणेल आमच्यामुळे स्पर्धेत राडा नको, आम्ही त्या दिवशी पोराला पाठवत नाही. तेव्हा तुम्हाला कळेल की पाहुणा येणार म्हणून कोण घरी बसणार आहे, आणि हे वाक्य तिची परवानगी घेऊन मीटिंगमध्ये सांगा.

याच विषयावर एक-दोन पालकांनी पण लिहिलंय, त्यांची मुलं ॲकॅडमीत जातात आणि कोचवर आरोप झालेत. त्यांचं उत्तर वेगळं आहे. प्रमुख पाहुणा तासभर येतो, कोच रोज मुलांसोबत एकटा असतो. तिथे निकालाची वाट बघायची नाही, मूल काढून घ्या किंवा कोचला मुलांपासून बाजूला ठेवायला लावा, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, "ॲकॅडमीचं नाव खराब होईल" ही सबब चालत नाही.

आता एवढं करूनही कमिटी ऐकणार नाही हे शक्य आहे, मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. तसं झालं तर तुमचा विरोध प्रोसिडिंगमध्ये तुमच्या नावानिशी लिहून घ्या, सही करा, फोटो काढून ठेवा. बक्षीस समारंभाला स्टेजवर बसू नका, खाली बायकांच्यात बसा, कुणी विचारलं तर खरं कारण एका वाक्यात सांगा आणि विषय बदला. ज्युनियर टीमचं बक्षीस कमिटीतल्याच कुणाच्या तरी हातून द्यावं एवढी एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवा, ती बहुतेक मिळेल, कारण तिथे कुणाची इज्जत जात नाही. पाहुण्याचं मानधन तुमच्या सहीने जाणार असेल तर व्हाउचरवर ठरावाचा नंबर टाकल्याशिवाय सही करू नका. आणि रागाच्या भरात राजीनामा तर अजिबात देऊ नका, तुमच्या जागी ते कुणाला बसवतील याचा विचार करा, शिवाय मार्चअखेरचा हिशेब तुमच्याशिवाय त्यांच्यातल्या कुणाला जमेल असं पत्रावरून तरी वाटलं नाही.